टाळी वाजवली की दिवा लागतो आणि लगेच विझतो, रिले टकटक करतो. माइक बदलू का?

माइक बदलू नका. सगळे आधी त्या बिचाऱ्या कंडेन्सर माइकवर खापर फोडतात. तुम्ही लिहिलेलं हेच लक्षण मी महिनाभर सोसलंय.

दहावीच्या सुट्टीत मी हे सर्किट आजीसाठी केलं. अर्धांगवायूनं तिचा उजवा हात गेला होता, त्यामुळे टाळीचा प्रश्नच नव्हता. काका वायरमन. ते म्हणाले, "खेळणी कसली करतेस, खाटेला पेअर स्विच टांग," म्हणजे वायरला लोंबणारं हातातलं बटण. पण आजीच्या उशाशी पितळी अडकित्ता असायचा. सुपारी कातरणं सुटलं होतं, अडकित्ता सुटला नव्हता. रात्री तो लोखंडी खाटेच्या दांड्यावर आपटून ती आईला उठवायची. मी ठरवलं, दिवा याच ठोक्यावर लागला पाहिजे.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून भाग आणले. माइक, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्यापुढे थेट पल्स मोजणारी ४०१७ आयसी आणि दिवा चालू-बंद करणारा रिले. पहिल्याच रात्री दिवा नुसता नाचला. आजी खोकली तरी लागायचा, आईनं भांडं ठेवलं तरी विझायचा आणि एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. दोन माइक बदलले. शेवटी वैतागून रिले चिमटीत धरला, तेव्हा बोटांना त्याचा ठोका जाणवला. माइक त्याच बोर्डावर होता. रिलेचा स्वतःचाच आवाज माइक ऐकत होता आणि दिवा विझवत होता!

म्हणून बीसी ५४७ आणि ४०१७च्या मध्ये ५५५ टायमर आयसी टाका, मोनोस्टेबल, म्हणजे एका ट्रिगरला ठरावीक वेळाचा एकच पल्स देणारी. १०० किलोओहमचा रेझिस्टर (आर) आणि १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर (सी) लावले की १.१ गुणिले आर गुणिले सी, म्हणजे साधारण १.१ सेकंद. तेवढ्या वेळात रिले कितीही वाजला तरी ४०१७ला एकच पल्स जातो. ४०१७ची २ नंबरची पिन रिलेच्या ट्रान्झिस्टरला, ४ नंबरची १५ला. ५५५ची २ नंबरची पिन पुरवठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेली की ट्रिगर होते, तेव्हा शांत असताना बीसी ५४७च्या कलेक्टरवर त्याहून बराच जास्त व्होल्टेज हवा. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावलाय ना? पट्टी प्लसकडे. नसेल तर आधी तो लावा, कॉइल सुटताना बसणारा झटका ४०१७ला पल्ससारखाच वाटतो. आणि चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर रिले चालवूच नका, १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या आणि रिलेही १२चाच.

मी माइक बोर्डावरून काढला आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून खाटेच्या पाइपला घट्ट बांधला. माइकची संवेदनशीलता ठरवणारा प्रीसेट इतका उतरवला की खोकला, कुकर, कशाचाच परिणाम होईना. पाइपमधून येणारा ठोका मात्र बरोबर पोचायचा. तुम्हाला टाळीच हवी असेल तर हे उपयोगाचं नाही, पण टाळीच का हवी याचा विचार करा. दार ठोठावणं, काठी आपटणं, घरातल्या माणसाची सवय असेल तो आवाज घ्या.

हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: सगळं एलईडीवर नीट चालल्याशिवाय २३० व्होल्टला हात लावू नका. फेजची वायर रिलेच्या कॉमन आणि एनओ (नॉर्मली ओपन) टोकांमधून न्या, न्यूट्रल तोडू नका, बोर्ड प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवा. सवय नसेल तर एवढी जोडणी वायरमनकडून करून घ्या. माझीही काकांनीच करून दिली, तेवढं श्रेय त्यांचं.

पेअर स्विचही त्यांनी लावला होता. अंधारात तो गादीखाली घसरायचा, आणि सापडला तरी आजीच्या डाव्या अंगठ्यात बटण दाबण्याइतका जोर नव्हता. अजूनही दर दिवाळीला ते "तुझं ते खेळणं" म्हणतात. त्या खेळण्यावर आजीनं चार वर्षं रात्री स्वतःचा दिवा स्वतः लावला, आईला न उठवता.