विचारा बिनधास्त: व्हाळात पालथा पडून मासे मोजायची नोकरी

प्रश्न: माझा भाचा कॅलिफोर्नियात आहे. परवा व्हिडिओ कॉलवर बघते तर रबरी सूट घालून, तोंडात नळी धरून गुडघाभर पाण्यात पालथा पडलेला. म्हणे सॅल्मन आणि स्टीलहेडची पिल्लं मोजतो आणि त्याचा पगार मिळतो! आमच्याकडे पोरं दिवसभर व्हाळात असतात, त्यांना कुणी दमडी देत नाही. हे खरं आहे का? आणि मोजून करतात काय? (एक मावशी, सांगे)

उत्तर: मावशी, भाचा खरं बोलतोय. स्टीलहेड म्हणजे आपल्याकडे हिमाचलात पाळतात तोच रेनबो ट्राउट, फक्त समुद्रात जाऊन येणारा. हे दोन्ही मासे जन्मतात गोड्या पाण्यात, खडीत घातलेल्या अंड्यांतून, मग मोठे व्हायला समुद्रात जातात आणि अंडी घालायला परत बहुतेक त्याच ओढ्यात येतात. आपल्या चोणकाचं बरोबर उलटं, तो अंडी घालतो खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात आणि त्याची पिल्लं वर गोड्याकडे येतात.

आता भाचा पालथा का पडतो. उन्हाळ्यात तिथल्या ओढ्यांचं पाणी उतरतं, मासे कोंडीत (म्हणजे ओढ्यातल्या खोल डबक्यांत) गोळा होतात, तेव्हा मास्क लावून खालून वर सरकत जायचं, कारण मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात त्यामुळे मागून येणारा माणूस त्यांना दिसत नाही आणि ढवळलेला गाळही मागे वाहून जातो. टॉर्च मारून काठाखालची भगदाडंसुद्धा बघतात. प्रत्येक कोंड मोजत नाहीत, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही निवडतात आणि त्यावरून हिशोब करतात. बोटाएवढं पिल्लू कुठल्या जातीचं हे ओळखायचं म्हणजे नजर तयार लागते, कोहो सॅल्मनच्या पिल्लाच्या पोटाखालच्या मागच्या पराची कड पांढरी आणि लांब असते, स्टीलहेडची तशी नसते. मला विचाराल तर पगार कमीच पडत असेल, पाणी कसलं गार असतं तिथे!

वसंतात दुसरं काम. मार्च ते जूनच्या सुमाराला पिल्लं अंगावरचे उभे काळे पट्टे टाकून चांदीसारखी होतात आणि समुद्राकडे निघतात. तेव्हा ओढ्यात सापळा लावतात, रोज सकाळी उघडून मोजून, लांबी घेऊन सोडून देतात. पण सापळ्यात सगळे थोडेच येतात? म्हणून समजा १०० पिल्लांवर खूण करून परत वर नेऊन सोडली आणि त्यातली २० पुन्हा सापडली, तर सापळा पाचातला एकच पकडतो. मग बिनखुणेची ६० मिळाली तर गेली असतील ३००. काहींच्या पोटात १२ मिलिमीटरची चिप घालतात, उकड्या तांदळापेक्षा जरा लांब, बॅटरी नाही काही नाही, मासा अँटेनावरून गेला की नंबर उमटतो.

करतात काय म्हणालात ना, तर ऐका. नुसते परत आलेले मोठे मासे मोजले आणि ते कमी निघाले तर दोष कुणाचा, ओढ्याचा की समुद्राचा? कळणारच नाही. गेली किती आणि आली किती हे दोन्ही आकडे हातात असले तरच कळतं. पिल्लं भरपूर गेली पण मोठे आले नाहीत तर समुद्रात काहीतरी बिघडलंय. पिल्लंच कमी गेली तर मग ओढ्यातली सावली, पाणी, गाळ बघायचा. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावरचा कोहो १९९६ मध्ये संकटाच्या यादीत गेला आणि २००५ मध्ये त्याहून वरच्या पायरीवर, नामशेष व्हायच्या धोक्यात. त्याचं चक्र जवळजवळ पक्कं तीन वर्षांचं, त्यामुळे एका साली पिल्लं मेली की तीन वर्षांनी तेच साल परत रिकामं जातं. मोजणी बंद पडली तर हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

आणखी एक, तिथे पाऊस संपला की ओढ्याच्या मुखाशी वाळूचा बांध तयार होतो आणि आत तळं साचतं (आपल्या बेतुलला साळ नदीच्या मुखाशी वाळू साचते, होडीवाल्यांना विचारा). कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझजवळच्या स्कॉट क्रीक या ओढ्यात असं दिसलं की त्या तळ्यात वाढलेली स्टीलहेडची पिल्लं जास्त मोठी होऊन समुद्रात जातात आणि परत येणाऱ्यांत बहुतेक तीच असतात. म्हणजे तो बांध उगाच फोडायचा नाही.

आपल्याकडे मोजायचंच तर मला मानस सुचते, म्हणजे खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधातलं पाण्याचं दार. भरतीला पाणी खाजनात येतं, त्याबरोबर शेवट्याची (बोय माशाची) पिल्लं येतात, ओहोटीला तिथेच जाळं लागतं. आयता सापळाच की! शेवटो २०१६ पासून आपल्या गोव्याचा राज्यमासा, निदान त्याची तरी पोरं मोजायला काय हरकत आहे.

प्रश्न: ऑनलाइन ऑर्डर केली 'इंडियन सॅल्मन', आला रावस. फसवलं का? (म्हापसा)

उत्तर: नाही हो, इंग्रजीत रावसाला तसं म्हणतातच, पण नातं शून्य. रावसाच्या गळ्याखाली दोऱ्यासारखे तंतू असतात. सॅल्मनच्या पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो, हॅचरीत वाढवलेल्यांचा तो बऱ्याचदा कापून सोडतात म्हणजे मोजणाऱ्याला घरचा कोण, रानातला कोण ते कळतं. तळून खायला मात्र रावसच.

प्रश्न: तिकडे शास्त्रज्ञ करंट लावून मासे पकडतात म्हणे, मग आमच्या वाड्यावरच्या पोरांनी इन्व्हर्टरची वायर सोडली तर एवढी ओरड का? (फोंडा)

उत्तर: तिकडच्या मशीनचा करंट मोजून मापून, थांबत थांबत सोडलेला असतो, मासा भोवळ येऊन पडतो, बादलीत शुद्धीवर येतो, मग परत पाण्यात. परवानगी आणि ट्रेनिंग लागतं, आणि तरीही मणका मोडायची भीती असते म्हणूनच जिथे जमेल तिथे मास्क लावून मोजणं पसंत करतात. इन्व्हर्टरची वायर पिल्लांसकट कोंड रिकामी करते, आणि पाण्यात उभा असलेला पोरगाही जाऊ शकतो. वायर आजच काढून ठेवायला सांगा.