वर्गणीदारांची वही आधी

बडोदे

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. स्त्रियांच्या लेखनासाठी बडोद्यातून मराठी त्रैमासिक काढण्याचा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. नाव आणि मुखपृष्ठ यांविषयी तू भरभरून लिहिले आहेस. खर्चाविषयी मात्र, तो एक हितचिंतक उचलणार आहेत, एवढेच वाक्य आहे. म्हणून मी त्याविषयीच लिहिते.

पैसा कोणाचा, यावर अंकात काय येऊ शकेल हे बरेचसे ठरते. टोकियोत 1911 मध्ये हिरात्सुका राइचो यांनी ‘सेइतो’ हे स्त्रियांचे वाङ्मयीन मासिक काढले, ते आईने त्यांच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशांतून. पुढच्याच वर्षी एका कथेमुळे त्यांच्या अंकावर बंदी आली आणि 1916 मध्ये मासिक थांबले. पण तोवर गर्भपात, वेश्याव्यवसाय यांसारख्या विषयांवर स्त्रियांनी त्यात परस्परांशी उघड वाद घातले होते. त्या पैशाला कोणाचा धाक नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. दिल्लीत 1978 मध्ये सुरू झालेल्या ‘मानुषी’ या स्त्रियांविषयीच्या नियतकालिकानेही अनुदानाचा मार्ग नाकारला.

विद्या बाळ यांचे उदाहरण तर आपल्या घरचेच. 1930 पासून चालत आलेल्या किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकाच्या त्या संपादक होत्या. ते सोडल्यावर, मागे मोठी संस्था नसताना, त्यांनी ऑगस्ट 1989 मध्ये पुण्यातून ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले, आणि 2020 मध्ये त्या गेल्यानंतरही ते चालू राहिले. एका बाईच्या उत्साहावर निघालेली कितीतरी नियतकालिके तिच्याबरोबरच संपतात, म्हणून पहिल्या अंकापासूनच संपादनात तुझ्याहून लहान कोणीतरी सोबत घे.

त्या हितचिंतकांना नकार देऊ नकोस. त्यांना आजीव वर्गणीदार कर, इतरांइतकीच रक्कम घे. मग एक जाड वही घे. नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, वर्गणी कोणत्या अंकाला संपते, असे रकाने आख आणि संपण्याच्या एक अंक आधी स्वतःच्या हाताने स्मरणपत्र लिही. रावपुरा, दांडिया बाजार इथली मराठी घरे तुला ठाऊक आहेतच. पण इंदूर, ग्वाल्हेरच्या वाचकांनाही आधीच लिही, कारण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी बायकांना आपले म्हणावे असे व्यासपीठ क्वचितच मिळते. त्यांच्या लेखनात गुजराती, हिंदी शब्द येतील. मुद्रिते तपासताना ते पुणेरी करत बसू नकोस.

नियतकालिकाची रीतसर नोंदणी लागते; ते काम आताच हाती घे. आणि प्रत्येक अंकाच्या दोन प्रती बांधणीसाठी बाजूला ठेवून वर्षाअखेरीस एक संच मध्यवर्ती ग्रंथालयात नेऊन दे.

वही भरू लागली की कळव. पहिली वर्गणी माझी धर.

तुझी,
मावशी