वाक्य ओळखायचं तर आधी क्रियापद मोजा

प्रश्न : ‘द ट्रेन लेफ्ट अ‍ॅट सिक्स’ हे वाक्य इंग्रजी व्याकरणाच्या एका पुस्तकात असर्टिव्ह म्हणून दिलं आहे आणि दुसऱ्यात सिंपल म्हणून. बरोबर कोणतं?

उत्तर : दोन्ही. वाक्य काय काम करतं, हे पाहिलं की असर्टिव्ह (विधान), इंटरॉगेटिव्ह (प्रश्न), इम्परेटिव्ह (आज्ञा-विनंती) आणि एक्सक्लेमेटरी (उद्गार) हे चार प्रकार पडतात. त्यात किती क्लॉज, म्हणजे स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेले भाग, आहेत आणि ते कसे जोडले आहेत, हे पाहिलं की सिंपल (एकच क्लॉज), कंपाउंड (बरोबरीचे क्लॉज) आणि कॉम्प्लेक्स (एक मुख्य, दुसरा त्यावर अवलंबून). मराठीत विधानार्थी आणि केवल वाक्य या वेगवेगळ्या वाटण्या आहेत, तसंच हे. प्रश्नात नेमकं काय विचारलंय तेवढं पाहायचं.

प्रश्न : कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स यांत नेहमी गोंधळ होतो. खात्रीची पद्धत आहे का?

उत्तर : वाक्याच्या लांबीवर जाऊ नका. दहा-बारा शब्दांचं वाक्यही सिंपल असू शकतं. आधी काळ दाखवणारी क्रियापदं मोजा. ‘हॅज बीन वर्किंग’ हे तीन शब्द मिळून एकच क्रियापद. ‘टू लर्न’ किंवा नुसतं ‘लर्निंग’ मोजायचंच नाही, कारण ते स्वतः काळ दाखवत नाही. म्हणून ‘शी वॉन्ट्स टू लर्न स्विमिंग’ हे सिंपल.

क्रियापदं दोन निघाली, तर जोडणारा शब्द पाहा. फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो या सातांपैकी एखाद्याने दोन पूर्ण क्लॉज जोडले असतील तर कंपाउंड. बिकॉज, ऑल्दो, इफ, व्हेन असा शब्द असेल तर कॉम्प्लेक्स. शंका राहिलीच तर जोडशब्दासकट तो भाग उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवून पाहा. ‘शी फिनिश्ड द वर्क ऑल्दो शी वॉज टायर्ड’ याचं ‘ऑल्दो शी वॉज टायर्ड, शी फिनिश्ड द वर्क’ असं सहज होतं. ‘शी वॉज टायर्ड, बट शी फिनिश्ड द वर्क’ यातला ‘बट’पासूनचा भाग तसा पुढे आणता येत नाही. अर्थ जवळपास तोच, पण पहिलं कॉम्प्लेक्स आणि दुसरं कंपाउंड. ‘द पेन दॅट आय बॉट इज लॉस्ट’ अशा वाक्यात मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे हू, विच, दॅट नामाला चिकटून आलेत का, ते पाहायचं; आले असतील तर कॉम्प्लेक्स.

फसवणारी ठिकाणं दोन. ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘सिन्स’ दिसले की लगेच कॉम्प्लेक्स लिहिलं जातं. पण ‘बिफोर लंच’मध्ये क्रियापद कुठे आहे? ‘बिफोर शी लेफ्ट’मध्ये आहे. दुसरं, ‘आय थिंक ही इज राइट’. इथे जोडशब्द दिसत नाही, कारण ‘दॅट’ गाळलेला आहे. ‘मला वाटतं तो येईल’ म्हणताना आपणही ‘की’ गाळतोच. वाक्य कॉम्प्लेक्सच.

प्रश्न : ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’ यात चूक काय? ऐकायला तर बरोबर वाटतं.

उत्तर : बरोबर वाटतं ते मराठी कानाला. आपल्याकडे ‘जरी–तरी’, ‘जेव्हा–तेव्हा’ अशा जोड्या लागतात, म्हणून ‘ऑल्दो’ लिहिलं की हात आपसूक ‘बट’कडे जातो. इंग्रजीत दोन क्लॉज जोडायला एक जोडशब्द पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवा किंवा ‘बट’ ठेवा. ‘बिकॉज’नंतर ‘सो’ आणणं हीसुद्धा तीच चूक. ‘इफ–देन’ चालतं, कारण तिथला ‘देन’ हा मुळात जोडशब्द नाही.

प्रश्न : ‘आय डोंट नो व्हेअर डज ही लिव्ह’ यात प्रश्न आहे, मग ‘डज’ का काढायचा?

उत्तर : कारण हे वाक्य प्रश्न विचारतच नाही, ‘मला माहीत नाही’ असं सांगतं. ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘तो कुठे राहतो मला माहीत नाही’ यांत मराठी एक शब्दही हलवत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, की कर्ता पुन्हा क्रियापदाआधी येतो आणि ‘डज’ निघून जातो. ‘डज’ने घेतलेला ‘एस’ क्रियापदाला परत मिळतो : ‘आय डोंट नो व्हेअर ही लिव्ज’. शेवटी पूर्णविराम. मात्र ‘डू यू नो व्हेअर ही लिव्ज?’ यात मुख्य क्लॉजच प्रश्न आहे, म्हणून प्रश्नचिन्ह. नुसत्या ‘व्हेअर’वरून चिन्ह ठरवू नका.

प्रश्न : एक्सक्लेमेटरी वाक्यात ‘व्हॉट’ केव्हा आणि ‘हाउ’ केव्हा?

उत्तर : ‘व्हॉट’मागोमाग नाम असलेला शब्दसमूह येतो, ‘हाउ’मागोमाग विशेषण किंवा क्रियाविशेषण. ‘व्हॉट अ टॉल ट्री इट इज!’, ‘हाउ टॉल द ट्री इज!’ नाम मोजता येत नसेल तर ‘अ’ नको : ‘व्हॉट लव्हली वेदर!’ कर्ता क्रियापदाच्या आधीच राहतो. ‘हाउ टॉल इज द ट्री’ केलंत की तो उंची विचारणारा प्रश्न होतो. असर्टिव्ह करताना ‘व्हेरी’ घालायला विसरू नका : ‘इट इज अ व्हेरी टॉल ट्री’. तो राहिला, तर उद्गारातला जोरच गेला.

प्रश्न : ‘कुड यू क्लोज द डोअर?’ ही विनंती आहे, म्हणजे इम्परेटिव्ह का?

उत्तर : हेतू विनंतीचा, रचना प्रश्नाची. प्रकार विचारला तर इंटरॉगेटिव्ह लिहावं. ‘प्लीज क्लोज द डोअर’ हे इम्परेटिव्ह. त्यात ‘यू’ हा कर्ता अध्याहृत आहे.