मोटारी रोबोट जोडतात, मग जहाजाचं वेल्डिंग अजून माणसं का करतात?

तुम्ही विचारलंय की मोटारीचा सांगाडा रोबोट जोडतो तर जहाज का नाही, आणि आयटीआयला वेल्डर ट्रेड घेतलेल्या तुमच्या मुलाला पुढे काम राहील का. मी गोदीत वेल्डिंगची तपासणी करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

जहाजबांधणीत रोबोट बऱ्याच वर्षांपासून आहेत. डेन्मार्कमधली ओडेन्सची गोदी यात आघाडीवर होती. तिथे उंच गॅन्ट्रीला (कामावरून सरकणाऱ्या उंच चौकटीला) टांगलेले रोबोट मोठमोठ्या ब्लॉकचं, म्हणजे जहाजाच्या सुट्या भागांचं, वेल्डिंग करत. ३९७ मीटर लांबीचं ‘एमा मर्स्क’ हे कंटेनर जहाज २००६ साली तिथूनच बाहेर पडलं. तरीही २०१२ मध्ये ती गोदी बंद झाली, कारण कामं आशियातल्या स्वस्त गोद्यांकडे गेली. तिथल्या माणसांचा रोजगार रोबोटने खाल्ला नव्हता.

खरी अडचण सांध्यातल्या गॅपची, म्हणजे दोन तुकड्यांमधल्या फटीची, आहे. मोटारीचा प्रत्येक पत्रा त्याच साच्यातून येतो. जहाजाची प्लेट मात्र कापताना, वाकवताना आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आक्रसते, पिळते. दोन ब्लॉक शेजारी आणले की सांध्याच्या एका टोकाला ३ मिमी गॅप, तर दुसऱ्या टोकाला ८. मुरलेला वेल्डर वितळलेल्या धातूकडे बघून हात बदलतो, करंट उतरवतो. रोबोट आधी तार प्लेटला टेकवून सांधा शोधतो, मग आर्कच्या करंटमधल्या चढउतारावरून किंवा लेसरने रेषा धरून चालतो. गॅप मर्यादेत असेल तोवर तो सुंदर, एकसारखा रन (वेल्डिंगची पट्टी) टाकतो. मर्यादा सुटली की काम परत माणसाकडे. म्हणून रोबोट आणण्याआधी कटिंग आणि फिटअप (तुकडे जुळवून बसवणं) सुधारावं लागतं, आणि पैसा व वेळ तिथेच जातो.

मला रोबोट सगळ्यात आधी हवाय डबल बॉटममध्ये, म्हणजे जहाजाच्या दुहेरी तळामधल्या अरुंद पोकळीत. तिथे वेल्डर मॅनहोलमधून (माणूस शिरेल एवढ्या भोकातून) आत शिरतो, वाकून बसतो, आणि ब्लोअर लावूनही धूर नाकातोंडात जातो. कोरियात देवूच्या गोदीने (आताची हनव्हा ओशन) नेमका अशा जागांसाठी १६ किलोचा रोबोट बनवला होता, माणसाला उचलून आत ठेवता येईल असा. अशी यंत्रं आपल्याकडेही यावीत, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या मुलाने ट्रेड सोडू नये. फ्लक्स कोअर्ड वेल्डिंगवर (आत फ्लक्सची पूड भरलेल्या तारेने होणाऱ्या वेल्डिंगवर) हात बसवावा, डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं ते लिहून दिलेला कागद) वाचायला शिकावं, आणि संधी मिळाली तर कोबॉटचं (माणसाच्या शेजारी काम करणाऱ्या रोबोटचं) प्रोग्रॅमिंगही. करंट, व्होल्टेज आणि वेग कुठे बदलायचा हे रोबोटला सांगणारा माणूस वेल्डिंग जाणणाराच लागतो, आणि तसे लोक सध्या शोधूनही सापडत नाहीत.