पिल्लांचं वय तासांत मोज

झेब्राफिशवर (प्रयोगशाळेत वापरतात त्या छोट्या पट्टेरी माशावर) काम सुरू करतोयस तर आधी एक सवय लावून घे: पिल्लांचं वय अंडं फलित झाल्यापासूनच्या तासांत लिहायचं, आणि तेही २८.५ अंश सेल्सिअसला धरून. पाणी जरा गार राहिलं की वाढ मागे पडते आणि आपण प्रतिकारशक्तीच्या पेशी दिसत नाहीत म्हणून डोकं धरून बसतो. (मीही बसलोय.)

मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) साधारण २४ तासांच्या गर्भातच बलकावर फिरताना सापडतात. न्यूट्रोफिल (जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) त्यांच्या थोडे मागून. तिसऱ्या दिवशी शेपटीच्या पराचं टोक कापून बघ. भूल देऊनच, अर्थात. जखमेकडे सरकणारे न्यूट्रोफिल सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसतात. पिल्लू पारदर्शक राहावं म्हणून पीटीयू (काळा रंग बनू न देणारं रसायन) पहिल्या २४ तासांतच घाल. एकदा धरलेला काळा रंग त्याने लगेच जात नाही.

टी-पेशींची (ठरावीक जंतू ओळखणाऱ्या प्रतिकारपेशींची) घाई नको. थायमस या ग्रंथीत त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी घडू लागतात, पण प्रतिपिंडांचा खरा प्रतिसाद यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पिल्लू जन्मजात प्रतिकारशक्तीवरच तगतं. तेव्हा आठवड्याच्या पिल्लाला लस देऊन ‘परिणाम नाही’ असं वहीत लिहू नकोस. आणि हो, अस्थिमज्जा शोधत बसू नकोस. मोठ्या माशात रक्तपेशी बनवण्याचं ते काम मूत्रपिंड करतं.