भीमची स्कूटर कोपऱ्यात का उभी आहे?

या वेळी तीन पत्रं घेतलीत, तिन्ही खेळण्यांबद्दलची आहेत. पहिलं वाचताना मला माझीच गोष्ट वाचतेय असं वाटलं, म्हणून त्याचं उत्तर जरा लांबलंय.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही डोंबिवलीला राहतो, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. छोटा भीम म्हणजे त्याचा जीव की प्राण. वाढदिवसाला त्याला भीमचं चित्र असलेली तीन चाकांची स्कूटर घेतली, चाकात लाईट लागतात, 2,800 रुपये गेले. दुकानातच तिला मिठी मारून बसला होता, रात्री पलंगाशेजारी उभी करून झोपला. दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये नेली आणि पहिल्याच वळणावर पडला, गुडघा खरचटला, फार काही नाही, पण त्यानंतर तो तिच्यावर चढतच नाहीये. चाक हाताने फिरवून लाईट बघतो, भीमशी गप्पा मारतो, बस. सासूबाई म्हणतात "भीम असा रडतो का रे", मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात गेले. समोरच्यांची मुलगी त्याच्याच वयाची, तिची स्कूटर अगदी साधी, एक चित्र नाही तिच्यावर, आणि ती भुर्रकन चालवते. माझं चुकलं का? कार्टूनच्या वस्तू घेऊच नयेत का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : अगं, चुकलं काहीच नाही, आधी ते मनातून काढून टाक. आणि पैसेही वाया गेले नाहीत, स्कूटर उभी आहे ना घरात.

मला आधी एक सांग, तुझ्या स्कूटरला पुढे दोन चाकं आणि मागे एक असं आहे का? लहान मुलांच्या तीन चाकी स्कूटर बहुतेक तशाच येतात. तसं असेल तर तिचं हँडल सायकलसारखं फिरत नाही. ती अंग कलवून वळते, उजवीकडे जायचं तर उजवीकडे झुकायचं. आता तुझ्या लेकाने आतापर्यंत घरातली तीन चाकी सायकल नाहीतर बाबांची गाडी बघितलीय, त्याने हँडल फिरवायला जोर लावला असणार, ते फिरलं नाही, तो मात्र फिरला आणि पडला. दुकानात हे कोणी सांगत नाही. त्यात हलक्या वजनाच्या मुलांना झुकून ती वळवणं आणखी जड जातं कारण खालच्या स्प्रिंगवर पुरेसा भार येत नाही. म्हणजे बघ, तो भित्रा नाहीये, त्याला यंत्र कळलं नाही इतकंच.

माझ्या लेकीचं सांगते. आता ती नववीत आहे, तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या आवडत्या कार्टूनचा मोठ्ठा प्लास्टिकचा चेहरा पुढे लावलेली तीन चाकी सायकल आम्ही घेतली, नाक दाबलं की गाणं वाजायचं. आम्ही चेहरा बघितला, नाक दाबून बघितलं, आणि तिला एकदाही वर बसवून बघितलं नाही! घरी आल्यावर कळलं की पाय पॅडलपर्यंत जेमतेम पोचतात, आणि त्या सायकलींचं पॅडल पुढच्याच चाकाला असतं ना, त्यामुळे एका पायाने जोर दिला की हँडल एका बाजूला खेचलं जातं. ती बिचारी पॅडल सोडून जमिनीवर पाय मारत मारत घरभर फिरायची आणि मी दोन महिने मागून ओरडत होते, पॅडल मार, पॅडल मार. आज मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ती जे करत होती तेच बरोबर होतं. जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने 1817 मध्ये सायकलसारखं दोन चाकांचं पहिलं वाहन केलं त्याला पॅडलच नव्हतं, माणसं पायाने जमीन ढकलत जायची. तोल आधी येतो, पॅडल नंतर. पुढे आम्ही तिला 12 इंची छोटी सायकल आणली, सायकलवाल्याकडून दोन्ही पॅडल काढून घेतली, सीट इतकी खाली केली की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील, आणि जुन्या सायकलवरचा स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून सोडवला आणि नवीच्या हँडलवर लावला. तो स्टिकर गेला तिथे ती गेली. पॅडल परत बसवली त्या दिवशी तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

म्हणून कार्टूनवर माझा राग नाही. मुलांना त्या चित्राचं जे वाटतं ते खोटं नसतं, हट्टही नसतो. 2010 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, 4 ते 6 वर्षांच्या 40 मुलांना एकच खाऊ दोन पाकिटांतून दिला, एकावर कार्टून, एकावर नाही. बिस्किटं होती, फळांच्या गोळ्या होत्या, गाजरंही होती. कार्टूनच्या पाकिटातलं जास्त चविष्ट लागतं असं बऱ्याच मुलांनी सांगितलं, गाजराच्या बाबतीत मात्र हा फरक कमी पडला. मला यातलं ते गाजर फार महत्त्वाचं वाटतं. चित्र मुलाला वस्तूजवळ घेऊन येतं, पण पुढचं काम त्या वस्तूलाच करावं लागतं. समोरच्या मुलीची साधी स्कूटर तिच्या मापाची असणार, बाकी काही नाही.

आता काय करायचं ते सांगते. आठ दिवस तिच्यावर चढ म्हणूच नकोस. हँडलची उंची बघ, तो फळीवर उभा राहिल्यावर ते कंबर आणि छातीच्या मधे यायला हवं, जास्त वर असेल तर खाली कर. मग घरातच, सतरंजीवर, जिथे चाक पळत नाही तिथे, त्याला फळीवर दोन्ही पाय ठेवून नुसतं उभं कर आणि तू समोरून हँडलवर त्याच्या हातांवर हात ठेव, आणि दोघांनी मिळून डावीकडे झुका, उजवीकडे झुका, होडीत बसल्यासारखं. चाकं कशी तिरकी होतात ते त्याला वाकून बघू दे. मुलांना यंत्र बघायला आवडतं गं, आपणच त्यांना घाईघाईने वर बसवतो. मागच्या चाकावरचा ब्रेकही तेव्हाच पायाने दाबायला शिकव, थांबता येतं हे कळलं की अर्धी भीती जाते.

मग पार्किंगमध्ये गाड्या नसतील त्या वेळी खडूने भीमचं गाव, ढोलकपूर, काढ. हे मी मनापासून सांगते, करून बघच. इथे भीमचं घर, तिथे चुटकीचं, त्या खांबाशी टुनटुन मावशीचं लाडूचं दुकान. पहिल्या दिवशी पायीच जायचं, खराच एखादा लाडू डब्यात ठेव. दुसऱ्या दिवशी स्कूटर हाताने ढकलत न्यायची, लाडू आणायला गाडी नको का? मग एक पाय फळीवर. रस्ता आधी सरळ काढ, वळण चार-पाच दिवसांनी, तेही मोठं, गोल. तू भीमवर 2,800 रुपये खर्च केलेस ते या खेळासाठी, गोष्ट त्याला पाठ आहे, त्याला फक्त तिच्यात शिरायला जागा हवी.

आणि सासूबाईंना, त्यांचा मान ठेवून, पण सांगच, की "भीम असा रडतो का" हे नको. त्या प्रेमानेच म्हणतात, आमच्या घरीही म्हणायचे. पण मुलाला वाटतं की आपला सगळ्यात लाडका मित्रच आपल्याला हसतोय, आणि मग ज्या स्कूटरवर त्याचा चेहरा आहे तिच्याजवळ जायलाही नको वाटतं. आजींनीच म्हणावं, भीम पहिल्यांदा पडला तेव्हा त्यालाही असंच खरचटलं असेल हो.

हेल्मेट घे. पुढची कडा भुवयांच्या वर दोन बोटं, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादं बोट जाईल इतकीच जागा. भीमचं मिळालं तर उत्तमच, घालायला कटकट करणार नाही, पण मग काढायलाही तयार होत नाहीत मुलं, आणि इथे मात्र कडक राहा. घसरगुंडी, झोका, जाळीवर चढणं, तिथे हेल्मेट डोक्यावर नको, कारण फटीत हेल्मेट अडकलं आणि अंग खाली लोंबकळलं तर पट्ट्याने गळा आवळतो. सुपरहिरो व्हायला गळ्यात बांधलेली ओढणी, तिचंही तेच. खेळून झालं की काढायचंच.

एक राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की 3-4 वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून 180 मिनिटं तरी हालचाल करावी, त्यातली 60 मिनिटं चांगली धाप लागेल अशी. पण ती स्कूटरवरच झाली पाहिजेत असं कुठे आहे? पकडापकडी, जिने चढणं, उड्या, लंगडीचा प्रयत्न, सगळं त्यात धरलंय. तेव्हा स्कूटरला महिना लागला तरी लागू दे.

प्रश्न : माझा नातू नऊ महिन्यांचा आहे. त्याच्यासाठी कार्टूनचा, गाणी वाजणारा, गोल वॉकर घ्यायचं मनात आहे. सूनबाई नको म्हणते, इंटरनेटवर वाचलंय म्हणे. आमच्या वेळी तर सगळ्यांकडे होता. कोणता चांगला ते सांगावं.
– एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, नमस्कार. तुमचं मन मोडतेय, पण सूनबाईंचं ऐका. ज्यात बाळ मधे बसतं आणि पाय खाली सोडतं तो वॉकर कोणताच घेऊ नका, कितीही गोड चित्र असलं तरी. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही बंदी घाला म्हणतात. कारण असं की त्यात बसलेलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त पुढे जाऊ शकतं, तुम्ही खुर्चीतून उठेपर्यंत ते जिन्याशी, गॅसशी, गरम चहाच्या कपाशी पोचलेलं असतं. आणि त्याने चालणं लवकर येतं हेही खरं नाही, बसल्या बसल्या बोटांनी ढकलणं म्हणजे चालणं नव्हे.

तुम्हाला आपला पांगुळगाडा आठवतो का? तो द्या ना! लाकडी, तीन चाकांचा, बाळ मागे उभं राहून स्वतःच्या पायावर ढकलतं. दमलं की ते आपोआप खाली बसतं, त्याला कोणी अडकवून ठेवलेलं नसतं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत, त्या बाजूला जाणं झालं तर बघा. घाई मात्र नको, बाळ धरून उभं राहायला लागलं की मगच काढा. आणि टाइल्सवर तो पुढे पळतो, बाळ तोंडावर पडतं, म्हणून सतरंजीवर चालवायचा, कोणीतरी पुढे हात लावून बसायचं. ते काम तुमचं, आजोबांचं. सूनबाईंच्या आवडीचं एखादं चित्र तुम्ही स्वतः त्यावर रंगवलंत तर आणखी छान, फक्त रंग खेळण्यांसाठीचा, शिशाशिवायचा घ्या, कारण बाळ तो चाटणार हे नक्की.

खेळणी घेताना एक बघत चला. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कच्या जवळ सीएम/एल आणि पुढे आकडे असा लायसन्स नंबर असतो, तो मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाचा आहे ते दिसतं. कार्टूनचं चित्र नीट छापलंय म्हणजे माल खात्रीचा, असं नसतं. नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे पांगुळगाड्यावर मार्क दिसेलच असं नाही, तिथे आपला हात फिरवून बघायचा, कुसळ आहे का, चाक हलतंय का, खिळा वर आलाय का.

आणि गाणी वाजणारं काहीही असो, त्याची बॅटरी बघा. बटणासारखी चपटी बॅटरी असेल तर झाकणाला स्क्रू हवाच. ती बाळाने गिळली तर अन्ननलिका दोन तासांतही जळू शकते, तसा नुसता संशय जरी आला तरी वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. त्याला पेपा पिगची गुलाबी स्कूटरच हवी आहे. घरचे म्हणतात मुलींची आहे, स्पायडरमॅनची घे. काय करू?
– एक बाबा, कोल्हापूर

उत्तर : दादा, पेपाची घ्या. ज्याला चालवायचीय त्याने चित्र निवडावं आणि ज्याला पैसे द्यायचेत त्याने हँडलची उंची, चाकं आणि ब्रेक बघावेत, अशी वाटणी करा. पेपा चिखलात उड्या मारते, सायकल चालवते, दिवसभर बाहेर असते, तुमच्या लेकाला तेच करायचं असणार. त्याला दुकानात घेऊन जा, फळीवर उभा करा, दोन फेऱ्या मारू द्या आणि मगच बिल करा. घरच्यांनी विचारलं तर म्हणा, मापाची हीच होती.