रांग, नळ आणि खिशातला गुंता

प्रश्न : मी ज्या रांगेत उभा राहतो, नेमकी तीच सर्वांत हळू सरकते. याला नशीब म्हणायचे का?

उत्तर : नशिबाला यात फारसे काम नाही. समजा, सारख्याच लांबीच्या तीन रांगा आहेत आणि कोणत्या खिडकीवर केव्हा घोळ होईल हे आधी कळण्याचा काहीच मार्ग नाही. तर आपलीच रांग सर्वांत वेगवान ठरण्याची शक्यता एक तृतीयांश उरते, म्हणजेच तीनपैकी दोन वेळा शेजारची कोणती ना कोणती रांग आपल्या पुढे जाणारच. रांगा पाच असतील, तर हे दुःख पाचपैकी चार वेळा वाट्याला येईल. त्यातच, पुढे सरकत असताना आपण मागे पडलेल्यांकडे पाहत नाही, अडकलो की मात्र शेजारचा प्रत्येक माणूस मोजतो. रस्त्यावरच्या वाहनांबाबतही असेच घडते, हे डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या संशोधकांनी 1999 मध्ये दाखवून दिले : शेजारच्या मार्गिकेतील बरीच वाहने आपण थोड्याच वेळात मागे टाकतो, पण तितकीच वाहने आपल्याला मागे टाकतात तेव्हा त्यांना बराच जास्त वेळ लागतो, आणि मनात राहतो तो हा लांबलेला वेळ.

रांगांचे गणित मांडण्याचा पहिला मान कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील आग्नर एर्लांग यांच्याकडे जातो. त्यांचा यावरील पहिला लेख 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. या गणिताने सुचवलेला उपाय म्हणजे सर्व खिडक्यांसाठी मिळून एकच रांग ठेवणे. त्यामुळे एखाद्याने खिडकीवर अर्धा तास घालवला, तरी त्याचा भुर्दंड त्याच्यामागे उभ्या असलेल्या दुर्दैवी जीवांनाच भरावा लागत नाही, आणि आधी आलेल्याचा क्रमांक आधी लागतो. ही एकच रांग दिसायला लांबलचक असते, म्हणून पुष्कळांना ती आवडत नाही; माझे मत मात्र तिच्याच बाजूने आहे.

प्रश्न : लिफ्टचे बटण पुन्हा पुन्हा दाबल्याने ती लवकर येते का?

उत्तर : नाही. पहिल्यांदा दाबताच मागणी नोंदवली जाते. त्यानंतरचे दाबणे केवळ स्वतःच्या समाधानासाठी असते. काही लिफ्टमध्ये आतील मजल्याचे बटण दुसऱ्यांदा दाबले की आधीची नोंद रद्द होते, तेव्हा आत गेल्यावर तरी हात आवरावा.

प्रश्न : रात्री ठिबकणाऱ्या नळाचा आवाज इतका स्पष्ट का येतो, आणि नळ दुरुस्त होईपर्यंत तो थांबवता येईल का?

उत्तर : रात्री इतर आवाज थंडावलेले असतात, हे तर खरेच, पण ‘टप्’ असा तो आवाज मुळात निघतो कोठून, हे अधिक मनोरंजक आहे. केंब्रिज विद्यापीठातील अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये अतिवेगवान कॅमेरा आणि ध्वनिग्राहक वापरून याचा छडा लावला. थेंब पाण्यावर आपटतो तो क्षण जवळजवळ निःशब्द असतो. आघाताने पाण्यात एक खळगा पडतो, पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणाऱ्या बलामुळे, तो झटकन भरून येतो आणि या गडबडीत खळग्याच्या तळाशी हवेचा एक इवलासा बुडबुडा अडकतो. हा बुडबुडा थरथरू लागला की त्याच्याबरोबर पाण्याचा पृष्ठभागही थरथरतो, आणि आपल्या कानांवर येणारा आवाज हवेत पोहोचतो तो त्यामुळे. उपायही यातच दडलेला आहे : खालच्या बादलीतील पाण्यात भांडी घासण्याचा थोडा द्रवसाबण मिसळावा. साबणाने पृष्ठताण घटतो आणि आवाज बंद होऊ शकतो. मात्र बादली रिकामी असेल, तर या युक्तीचा उपयोग नाही. आणि वाया जाणारे पाणी कोणत्याही साबणाने थांबत नाही, त्यासाठी नळाचा वॉशरच बदलावा लागतो.

प्रश्न : फोनवर 1, 2, 3 वरच्या ओळीत असतात, तर कॅल्क्युलेटरवर खालच्या. असे का?

उत्तर : दोन्ही यंत्रांची कुळे वेगळी आहेत. कॅल्क्युलेटरने आपली मांडणी जुन्या बेरीजयंत्रांकडून घेतली. बटणांचा फोन तयार करताना मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने निरनिराळ्या मांडण्या लोकांच्या हाती देऊन पाहिल्या आणि 1960 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेगातील फरक मामुली निघाला, पण फोनसाठी निवड झाली ती 1, 2, 3 वर असलेल्या मांडणीची. पुढे दोन्ही सवयी इतक्या रुजल्या की आता कोणीच माघार घेणार नाही.

प्रश्न : नीट गुंडाळून खिशात ठेवलेल्या इयरफोनच्या वायरला गाठी कोण मारते?

उत्तर : आपले चालणे. कॅलिफोर्नियातील डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी दोरीचे तुकडे एका खोक्यात घालून ते खोके गरगर फिरवले आणि 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे 46 सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ पडली नाही. दीड मीटरच्या आसपास मात्र गाठीची शक्यता निम्म्यावर पोहोचली. दोरीची वेटोळी पडतात, मोकळे टोक धक्क्यांनी शेजारच्या वेटोळ्यांच्या वरखाली जाते आणि गाठ तयार होते. खोके लहान असले, की हलायला जागा कमी मिळते आणि गाठीही कमी पडतात. म्हणून वायर सैल खिशात न टाकता ती जेमतेम मावेल अशा छोट्या डबीत ठेवावी आणि दोन्ही टोके एकत्र अडकवून टाकावीत.